तबकड्यांचे सरकारी दफ्तर

आकाशात अनोळखी उजेड दिसला म्हणजे माणूस शेजाऱ्याला हाक मारतो. सरकार मात्र आधी दाराला कडी लावते. उडत्या तबकड्यांची हकिकत वाचताना मला तबकड्यांपेक्षा या कडीचेच नवल अधिक वाटत आले आहे. परग्रहावरून कोणी आले होते काय, हे शास्त्रज्ञांनी पाहावे. लोकांच्या प्रश्नाला राज्यकर्त्यांनी काय उत्तर दिले, हा मात्र इतिहासाचा विषय आहे.

मार्च १९६६ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात डेक्स्टर व हिल्सडेल या गावांच्या आसपास रात्री विचित्र दिवे दिसले. हिल्सडेल कॉलेजच्या वसतिगृहातून ऐंशीहून अधिक विद्यार्थिनींनी ते पाहिले. हवाई दलाचे सल्लागार, ज्योतिर्विद जे. अ‍ॅलन हायनेक, चौकशीला आले. दलदलीतला वायू पेटला असावा, असे त्यांनी पत्रकारांना सांगताच देशभर हशा पिकला. खुलासा अगदीच अशक्य नव्हता. पण ज्यांनी डोळ्यांनी पाहिले होते त्यांना ती आपली थट्टा वाटली.

पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड तेव्हा मिशिगनचे प्रतिनिधी व प्रतिनिधिगृहातील अल्पमतातील पक्षाचे नेते होते. २८ मार्चला पत्र लिहून त्यांनी संसदीय चौकशी मागितली. परग्रहवासी आले, असे त्यांचे म्हणणे नव्हते. जनतेला याहून बरा खुलासा मिळावा, एवढेच होते. ५ एप्रिलला सुनावणी झाली. पुढे कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड कॉन्डन यांच्याकडे संशोधन सोपविले गेले. त्यांचा अहवाल प्रतिकूल आला आणि डिसेंबर १९६९ मध्ये हवाई दलाने हे खाते बंद केले. १२,६१८ नोंदींपैकी ७०१ नोंदींचा उलगडा झालाच नव्हता.

खरा धक्का बसला तो १९९७ साली. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे म्हटले होते, की पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस व साठीत दिसलेल्या तबकड्यांपैकी निम्म्याहून अधिक म्हणजे आपलीच गुप्त हेरविमाने होती. हे प्रमाण सर्वांना मान्य नाही. पण साठ हजार फुटांवरून उडणाऱ्या यू-टू विमानावर मावळतीचे ऊन चमकले, की खालच्या माणसाला त्याचे कोडे पडे; आणि खरे ठाऊक असलेले अधिकारी त्याला हिमकणांच्या व हवेच्या तापमानाच्या गोष्टी सांगत. विमान लपविणे मी समजू शकतो. शीतयुद्धाचा तो काळ होता. पण खरे पाहणाऱ्याला ‘तुझी नजर चुकली’ असे सांगणे ही निराळी गोष्ट आहे.

रॉझवेलचेही तेच. जुलै १९४७ मध्ये तेथील सैनिकी तळाने प्रथम तबकडी हाती लागल्याचे जाहीर केले, आणि लगेच तो हवामानाचा फुगा ठरविला. न्यू मेक्सिकोचे प्रतिनिधी स्टीव्हन शिफ यांनी पाठपुरावा केल्यावर, १९९४ साली हवाई दलाने सांगितले, की तो सोव्हिएत अणुस्फोटांचा कानोसा घेणाऱ्या गुप्त योजनेचा फुगा असावा. उत्तर पटण्याजोगे होते. पण सत्तेचाळीस वर्षे उशिरा आल्यामुळे पुष्कळांना ते पटले नाही. त्यातच, तळाची काही जुनी दप्तरे कोणाच्या अधिकाराने नष्ट झाली याचा पत्ता लागत नसल्याचे १९९५ च्या सरकारी तपासात उघड झाले.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, परग्रहवासीयांचा कोणताही पुरावा नाही, असा अहवाल दिला. मला तो बव्हंशी खरा वाटतो. तरी अविश्वास ठेवणाऱ्यांना मी भोळे म्हणणार नाही. सरकारने त्यांना एकदा फसविले होते, आणि ते सरकारी कागदांतच लिहिलेले आहे. १९६६ च्याच ४ जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सरकारी माहिती नागरिकाला मागता यावी असा कायदा मंजूर केला. आकाशातल्या दिव्यांचा उलगडा होवो न होवो, दफ्तराची कडी काढण्याचा हक्क त्या कायद्याने माणसाच्या हाती दिला. मिशिगनच्या लोकांना तरी दुसरे काय हवे होते?