आरटीएल-एसडीआर रिसीव्हर

डिजिटल दूरचित्रवाणीच्या यूएसबी डोंगलमधून घडलेला, संगणकाला जोडून चालवायचा रेडिओ रिसीव्हर. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरला जोड म्हणून कमी खर्चात काही घ्यायचे असेल, तर पहिला विचार याचाच करावा.

दोन्ही उपकरणे पडद्यावर आलेखच काढतात, मग दोन कशाला, हा प्रश्न नवख्याला हमखास पडतो. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती शक्ती आहे, हे अ‍ॅनालायझर डीबीएममध्ये मोजून देतो. दिसणारा सुळका विमानतळाच्या संदेशाचा आहे, हौशी हॅमचा आहे की शेजारच्या एलईडी दिव्याच्या ड्रायव्हरचा, हे मात्र त्यावरून सहसा कळत नाही. शिवाय एरिक काशूक यांच्या टायनीएसएसारखा (२०२०) छोटा अ‍ॅनालायझर पट्टा तुकड्यातुकड्याने चाळतो, त्यामुळे क्षणभर चमकून गेलेला सिग्नल निसटू शकतो. आरटीएल-एसडीआर एका वेळी सुमारे २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा सलग घेतो. त्यातला सिग्नल ऐकता येतो, रेकॉर्ड करता येतो. त्याच्या पडद्यावरचे डेसिबल मात्र सापेक्ष असतात. मोजमापासाठी त्यांवर विसंबू नये.

या डोंगलमध्ये रिअलटेक कंपनीची आरटीएल२८३२यू ही चिप असते. ती टीव्हीचे चित्र उलगडण्याऐवजी कच्चे सँपल थेट संगणकाकडे पाठवू शकते, ही गोष्ट २०१२ मध्ये अँटी पालोसारी यांच्या कामातून पुढे आली. ऑस्मोकॉम प्रकल्पातील स्टीव्ह मार्कग्राफ आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी खुले सॉफ्टवेअर लिहिले, आणि प्रयोगशाळेत मिळणारी सोय हौशी माणसाच्या टेबलावर आली. आर८२०टी ट्यूनर असलेला डोंगल साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतो.

खरेदी करताना बहुतेक जण हा पल्लाच पाहतात, पण निर्णायक बाब वेगळी आहे. या चिपचा अ‍ॅनालॉग-डिजिटल कन्व्हर्टर फक्त ८ बिटांचा असल्याने एकाच वेळी हाताळता येणारा बलवान आणि क्षीण सिग्नलांमधला फरक ढोबळमानाने ५० डेसिबलच भरतो. शहरात हे फार जाणवते. मुंबईत आकाशवाणीची १००.७ आणि १०७.१ मेगाहर्ट्झवरची एफएम केंद्रे डोंगलवर जोरात आदळली, की आतल्या आत त्यांची सरमिसळ होते आणि ११३.५ मेगाहर्ट्झवर (१०७.१ च्या दुपटीतून १००.७ वजा) प्रत्यक्षात नसलेला सिग्नल उभा राहतो. तो ओळखण्याची रीत सोपी आहे. अँटेनाच्या वाटेवर १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर लावावा. खरा सिग्नल १० डेसिबलने उतरेल, असा खोटा सिग्नल जवळपास ३० डेसिबलने कोसळेल. त्याच अँटेनावर अ‍ॅनालायझर लावला की कोणते केंद्र किती ताकदीने येते आहे तेही समजते. मग गेन कमी करावा किंवा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर बसवावा. या जोडीचे खरे मोल इथे आहे.

निनावी डोंगल सर्वांत स्वस्त पडतो, पण तापला की त्याची फ्रिक्वेन्सी सरकत राहते. चार पैसे जास्त देऊन १ पीपीएमचा तापमान-भरपाई असलेला ऑसिलेटर आणि धातूची पेटी असलेला आरटीएल-एसडीआर ब्लॉगचा व्ही३ किंवा व्ही४ घेणे शहाणपणाचे. शॉर्टवेव्ह ऐकायचे असल्यास व्ही४ बरा. व्ही३ तिथे ट्यूनरला बगल देऊन थेट सँपलिंग करतो, त्यामुळे १४.४ मेगाहर्ट्झच्या एका बाजूचे सिग्नल दुसऱ्या बाजूला आरशातल्यासारखे उमटतात. २०२३ मध्ये आलेल्या व्ही४ मध्ये अपकन्व्हर्टर असल्याने हा त्रास टळतो. खर्च वाढवायची तयारी असेल, तर १४ बिटांचा एसडीप्ले आरएसपी१ए २ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. एअरस्पाय एचएफ प्लस डिस्कव्हरी शॉर्टवेव्हवर सरस आहे, पण २६० मेगाहर्ट्झच्या पुढे जात नाही.

एकच अँटेना दोघांना द्यायची असेल तर टी-कनेक्टर वापरू नये, स्प्लिटर वापरावा. त्यात किमान ३ डेसिबल जातात, हे मापनात धरावे. वॉकीटॉकीचा ५ वॉटचा सेट म्हणजे ३७ डीबीएम. टायनीएसएची कमाल मर्यादा १० डीबीएम आहे, आणि डोंगलही नाजूकच. त्यामुळे प्रसारण करणारा सेट यांना थेट कधीही जोडू नये. डोंगल लॅपटॉपला चिकटवून न ठेवता छोट्या यूएसबी केबलवर, फेराइट कडे घालून दूर ठेवावा. पडद्यावरचे कित्येक नकोसे सुळके लॅपटॉपच्या चार्जरमधूनच येतात.