शेताच्या टोकाची झोपडी : थायलंडमधील परतीच्या काही कथा

थाई साहित्यात 'सांग थाँग' नावाचे एक लोकप्रिय कथानक आहे. 'सांग' म्हणजे शंख आणि 'थाँग' म्हणजे सोने. शंखातून जन्मलेला हा राजपुत्र परागंदा होतो आणि एका यक्षिणीच्या घरी वाढतो. तिथल्या सोन्याच्या विहिरीत तो बुडी मारतो, त्याचे सर्वांग सुवर्णाचे होते आणि मग तो एका काळ्या, गावंढळ, वेडगळ वनवासी माणसाचे सोंग पांघरून बाहेरच्या जगात येतो. राजकन्या रचना (थाई उच्चार 'रोचना') स्वयंवरात त्याच्याच गळ्यात माळ घालते. संतापलेला राजा दोघांना नगराबाहेर, शेताच्या टोकाशी असलेल्या एका झोपडीत राहायला पाठवतो. मूळ कथा आग्नेय आशियातील जातकपरंपरेतली. तिला नाट्यकाव्याचे रूप मिळाले ते दुसऱ्या रामाच्या राजवटीत (१८०९–१८२४).

ही कथा आठवण्याचे कारण भाषिक आहे. परदेशी शिकून येणाऱ्याला थाई भाषेत 'नाक् रियन नोक' म्हणजे 'बाहेरचा विद्यार्थी' म्हणतात, आणि परदेशी शिकायला जाण्याला 'चुप तुआ' म्हणजे 'अंग बुडवून घेणे, मुलामा चढवून घेणे' असा वाक्प्रचार वापरतात. त्यामागे सोन्याच्या विहिरीची आठवण आहे आणि थोडा उपरोधही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सयामी राजघराण्यातील व सरदार घराण्यांतील मुले मोठ्या संख्येने युरोपात गेली, परतली आणि बँकॉकच्या खात्याखात्यांत स्थिरावली. सोने अंगावर चढले ते राजधानीत मिरवण्यासाठीच. सोने झाकून शेताच्या टोकाच्या झोपडीत जाऊन राहणारे फार थोडे. त्या थोड्यांपैकी काहींचा विचार आम्ही येथे करणार आहोत. आम्ही इतिहासाचे अभ्यासक नाही, साहित्याचे अध्यापक आहोत. त्यामुळे या माणसांनी काय केले याच्या जोडीने त्यांनी काय लिहिले, कोणत्या भाषेत लिहिले आणि कोणासाठी लिहिले, हे प्रश्न आम्हांला टाळता येत नाहीत.

पहिले नाव राजपुत्र सिद्धिपोन क्रिदाकोन (१८८३–१९७१) यांचे. मोंगकुट राजाचे हे नातू. लहानपणी इंग्लंडला गेले, तिथेच यंत्रविद्या शिकले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मायदेशी परतून सरकारी चाकरीत चढत गेले. टांकसाळ आणि अफू खाते ही त्यांच्या सेवेतील ठळक ठाणी. येथवरची वाट ठरलेली होती. पण १९२० च्या सुमारास, ऐन उमेदीत, त्यांनी राजीनामा दिला आणि प्रचुआप खिरी खान प्रांताच्या दक्षिण टोकाला, समुद्रकाठच्या बांग बर्त येथे ते शेती करू लागले. सोबत पत्नी श्रीप्रोमा होत्या. त्या उत्तरेकडील नान संस्थानच्या राजाच्या कन्या. त्यांचेही वय वाढले ते रशिया आणि इंग्लंड पाहत. या बाईंचे आत्मचरित्र थाई वाचकांना चांगले परिचित आहे.

बांग बर्तची जमीन भाताची नव्हती, माळाची होती. सयाम म्हणजे भात हे समीकरण पक्के असलेल्या काळात भातावाचून शेती करून दाखवणे हाच तिथला प्रयोग. पिकांची फेरपालट, कोंबडीपालन, यंत्राने नांगरट असे एकेक करत तो वाढला. बांग बर्तचे कलिंगड इतके नावाजले की ते गावाच्या नावानेच ओळखले जाऊ लागले. मात्र आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट १९२७ ची आहे. त्या वर्षी सिद्धिपोन यांनी 'कसिकोन' नावाचे नियतकालिक सुरू केले. या शब्दात मराठी वाचकाला आपला 'कृषी' ओळखू येईल. पालीतील 'कसि' आणि 'कर' मिळून हा शब्द झाला आहे. अर्थ सरळ : शेती करणारा. ज्या माणसाची वाढ इंग्रजीत झाली त्याने आपल्या मातीतले प्रयोग थाईत मांडायचे ठरवले. त्यासाठी परिभाषा घडवावी लागली, आणि फसलेले प्रयोगही सांगावे लागले.

पुढचा इतिहास सरळ नाही. १९३२ च्या क्रांतीने अनियंत्रित राजेशाही संपली. १९३३ मध्ये सिद्धिपोन यांचे बंधू राजपुत्र बोवोरादेत यांनी नव्या राजवटीविरुद्ध उठाव केला आणि तो फसला. सिद्धिपोन त्यात सामील होते. त्यांना जन्मठेप झाली. बँकॉकचा तुरुंग, मग तारुताओ आणि ताओ या बेटांवरची कैद, असे करत ते १९४४ मध्ये सुटले. कैदेतही त्यांनी शेतीवर लिहिणे सोडले नाही. सुटकेनंतर काही काळ ते कृषिमंत्री झाले, आणि उतारवयात त्यांनी तांदळाच्या निर्यातीवरील 'प्रीमियम' या आकारणीविरुद्ध सातत्याने लेखणी चालवली. या आकारणीमुळे देशातला तांदूळ शहरवासीयांना स्वस्त मिळे आणि सरकारी तिजोरीत भर पडे, पण भात पिकवणाऱ्याच्या हाती पडणारा भाव तेवढाच खाली येई. शहराचे पोट भरण्याचा भार गावाने का वाहायचा, हा त्यांचा प्रश्न होता. ही आकारणी रद्द झाली १९८६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी.

येथे एक आक्षेप घ्यायलाच हवा. सिद्धिपोन राजपुत्र होते. जमीन, ओळखी आणि शब्दाला वजन, हे सारे त्यांच्यापाशी आधीच होते. शेती हा त्यांनी निवडलेला मार्ग होता, पोटासाठी पत्करलेला नव्हे. शिवाय लोकसत्तेकडे झुकलेल्या राजवटीविरुद्धच्या उठावात ते होते, हेही झाकून चालणार नाही. शेतकऱ्याचा भाव आणि शेतकऱ्याचे मत या दोन गोष्टी एकाच माणसाच्या मनात सारख्याच मोलाच्या असतील असे नाही. आम्ही त्यांच्याकडे आदराने पाहतो ते हे जाणून.

दुसरे नाव डॉ. पुए उंगफाकोन (१९१६–१९९९) यांचे. हे बँकॉकमधील चिनी स्थलांतरिताचे पुत्र. लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकत असताना युद्ध पेटले आणि थायलंडच्या सरकारने जपानची बाजू घेतली. पुए 'मुक्त थाई' चळवळीत सामील झाले आणि ब्रिटिश सैन्यात दाखल झाले. या टप्प्यावर त्यांच्या कथेचा धागा आपल्या मातीशी येऊन जुळतो. १९४३ मध्ये या थाई तरुणांची तुकडी समुद्रमार्गे मुंबईस उतरली आणि त्यांचे गनिमी युद्धाचे शिक्षण पुण्याजवळ झाले. मार्च १९४४ मध्ये पुए हवाई छत्रीने चैनात प्रांतात उतरले. ('चैनात' म्हणजे जय आणि नाद.) भाताच्या मुलखात आकाशातून पडलेला हा माणूस गावकऱ्यांना हेर वाटला. त्यांनी त्याला पकडून अधिकाऱ्यांच्या हवाली केले. पुढे बँकॉकच्या कैदेतून, चळवळीला अनुकूल पोलिसांच्या साहाय्याने, त्यांनी दोस्तांशी बिनतारी संपर्क साधला.

मायदेशी परतण्याची याहून विलक्षण तऱ्हा आमच्या माहितीत नाही. देशासाठी जीव धोक्यात घालून आलेल्याला देशातले पहिले गाव बेड्या घालते, आणि गावाच्या बाजूने पाहिले तर त्याचे काही चुकलेही नाही. पुए १९५९ ते १९७१ या काळात थायलंडच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होते. १९६७ मध्ये त्यांनी ग्रामीण पुनर्रचनेची संस्था उभारली आणि तिचे काम सुरू झाले ते चैनातमध्येच. १९६९ मध्ये थम्मासात विद्यापीठात (हे नाव म्हणजे आपले 'धर्मशास्त्र') त्यांनी पदवीधर स्वयंसेवकांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात पदवीनंतर विद्यार्थ्याने खेड्यात जाऊन राहायचे, तिथल्या लोकांकडून शिकायचे आणि मग लिहायचे, अशी योजना होती.

साहित्याच्या विद्यार्थ्याने मात्र त्यांचे १९७२ चे पत्र अभ्यासावे. १९७१ च्या नोव्हेंबरात लष्करशहा थानोम कित्तिकाचोन यांनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध बंड करून राज्यघटना गुंडाळली. तेव्हा केंब्रिजमध्ये असलेल्या पुए यांनी 'थाई चारोएन' (समृद्ध थाई) नावाच्या एका कल्पित गावच्या मुखियाला पत्र लिहिले. मुखियाचे नाव थानोमशी मिळतेजुळते ठेवले होते. खाली सही होती 'खेम येनयिंग' अशी, म्हणजे युद्धकाळातील त्यांच्याच टोपणनावाची. गावाची 'कतिका', म्हणजे सर्वांनी मिळून केलेले नियम, लवकर परत आणावेत अशी त्यात नम्र विनंती होती. 'कतिका' हा पाली शब्द भिक्षुसंघाच्या आपसातील कराराचा. घटनेसारखा परका वाटणारा विषय त्यांनी गावाच्या शब्दात आणून ठेवला, आणि सत्ताधीशाला देशाचा नव्हे, गावाचा उत्तरदायी ठरवले. रूपकाचा असा राजकीय उपयोग आमच्या वाचनात क्वचितच आला आहे.

६ ऑक्टोबर १९७६ रोजी थम्मासातच्या आवारात विद्यार्थ्यांची कत्तल झाली. कुलगुरुपदी असलेल्या पुए यांना त्याच दिवशी देश सोडावा लागला. त्यांचा मृत्यू १९९९ मध्ये लंडनमध्येच झाला. ज्याने इतरांना खेड्याची वाट दाखवली त्याच्या वाट्याला अखेर परतणे आलेच नाही.

तिसरे नाव लेखकाचे : पिरा सुधम. जन्म १९४२, बुरिराम प्रांतातील नापो या खेड्यात. हा भाग 'ईसान', म्हणजे आपल्या 'ईशान्य' दिशेचा मुलूख. पाऊस बेभरवशाचा, जमीन निकस आणि घरची भाषा बहुतांशी लाओ, तर शाळेची भाषा मध्य थाई. चौदाव्या वर्षी पिरा बँकॉकच्या एका विहारात भिक्षूंची सेवा करायला आले, तिथून विद्यापीठात आणि शिष्यवृत्तीवर न्यूझीलंडला गेले. अनेक वर्षे परदेशी काढून ते नापोला परतले. 'पीपल ऑफ ईसान' आणि 'मॉन्सून कंट्री' ही त्यांची पुस्तके १९८० च्या दशकातली. दोन्ही इंग्रजीत आहेत.

पहिल्या दोघांना नसलेली एक गोष्ट पिरांपाशी आहे : ते खरोखर त्या झोपडीतून आलेले आहेत. आणि पहिल्या दोघांनी न केलेली एक गोष्ट त्यांनी केली : परत येऊनही लेखनाची भाषा बाहेरचीच ठेवली. हा विश्वासघात आहे काय? आमचा पहिला कल 'होय' म्हणण्याकडे होता. नापोतल्या ज्या माणसांवर हे लिहिले, त्यांना ते वाचता येणार नव्हते. पण विचारान्ती ते मत सैल करावे लागले. लाओ बोलणाऱ्या मुलाला मध्य थाई हीसुद्धा शाळेने लादलेली, सत्तेची भाषा. कंपून बुन्थवी यांनी 'लुक ईसान' ही याच प्रदेशातील बालपणाची कादंबरी थाईत लिहिली आणि तिला १९७९ चा आग्नेय आशियाई साहित्य पुरस्कार मिळाला, म्हणजे तोही मार्ग होताच. पिरांनी दुसरा निवडला. त्यांच्या इंग्रजीमुळे बाहेरच्या वाचकाला ईसानचे दारिद्र्य कळले. मात्र गाव त्यांना उलट उत्तर देऊ शकले नाही, आणि ही उणीव राहतेच.

या तिघांच्या जोडीला, ज्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत त्यांचाही उल्लेख करायला हवा. १९७० च्या दशकापासून ईसानमधील हजारो पुरुष मजुरीसाठी सौदी अरेबियात गेले. दलालाचे पैसे भरायला शेत गहाण पडे. 'जाताना शेत गेले, परतताना बायको गेली' अशा अर्थाची म्हण त्या काळी रूढ झाली. १९८९ च्या हिरेचोरीच्या प्रकरणानंतर सौदीची दारे थाई मजुरांना बंद झाली. पुढे १९९७ च्या आर्थिक अरिष्टात बँकॉकमधील कामे बंद पडली, तेव्हा शहरातले असंख्य मजूरही गावी परतले. या माणसांनी मुलामा चढवून घेतला नव्हता. त्यांची परत ही निवड नव्हती, आणि त्यांच्यासाठी कोणी 'कसिकोन' काढले नाही. परतण्याचा इतिहास लिहिताना निवडून परतलेल्यांचीच चरित्रे उरतात, हा आमच्या या लेखाचाही दोष आहे.

सिद्धिपोन यांना १९६७ मध्ये आणि पुए यांना १९६५ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच यादीत १९५८ चे विनोबा आहेत आणि १९७९ चे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे आहेत. अमेरिकेत शिकून १९७० मध्ये जामखेडला येऊन राहिलेले हे दांपत्य आपल्याला परके नाही. परतीचा प्रश्न तिकडचाच आहे असे म्हणून आम्हांला सुटता येत नाही, ते यामुळे.

आम्ही तालुक्याच्या गावी ग्रामीण साहित्य शिकवतो. आमच्यापैकी बहुतेकांचे शेत गावी वाट्याने दिलेले आहे आणि पीक कोणते घेतले हे आम्हांला दिवाळीत कळते. वर्गातल्या हुशार मुलाला आम्ही जो पहिला सल्ला देतो तो गाव सोडण्याचाच असतो, आणि तो चुकीचा असतो असे आम्ही अजूनही म्हणणार नाही. परतून न आलेल्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण थम्मासातच्या त्या अभ्यासक्रमाचा क्रम आम्हांला अस्वस्थ करतो : आधी राहणे, मग शिकणे, आणि लिहिणे शेवटी. आमच्याकडे विद्यार्थी ग्रामीण कादंबरीवर प्रबंध लिहितो, पदवी घेतो, आणि आपल्या गावाविषयी आपल्या गावाला वाचता येईल असे एक पानही त्याला कोणी लिहायला सांगत नाही. निदान एवढे सांगण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. येत्या सत्रात आम्ही ते सांगणार आहोत, आणि पहिले पान आमचे आम्ही लिहिणार आहोत.