ज्येगंग : खोकल्यावरचे चिनी मूळ

चीन, कोरिया, जपान आणि रशियाचा अतिपूर्वेकडील प्रदेश येथील गवताळ डोंगरउतारांवर वाढणारी ज्येगंग ही बहुवर्षायू वनस्पती तिच्या मुळासाठी प्रसिद्ध आहे. घसा दुखणे, आवाज बसणे, छातीत कफ साठणे आणि खोकला या तक्रारींवर चिनी वैद्यक सुमारे दोन हजार वर्षे या मुळाचा वापर करीत आले आहे. कोरियात तिला दोराजी, तर जपानमध्ये किक्यो म्हणतात.

तिचे शास्त्रीय नाव प्लॅटिकोडॉन ग्रँडिफ्लोरस असून कुळ कॅम्पॅन्युलेसी आहे. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फॉन्स द कांदोल यांनी १८३० मध्ये ही स्वतंत्र प्रजाती मानली. प्लॅटिकोडॉन म्हणजे ग्रीक भाषेत 'रुंद घंटा'. या प्रजातीत ही एकच जाती आहे. उमलण्यापूर्वी कळी हवा भरल्यासारखी फुगते, म्हणून इंग्रजीत तिला 'बलून फ्लॉवर' हे नाव पडले. फुले पाच पाकळ्यांची, निळी-जांभळी, क्वचित पांढरी असतात. सोटमूळ मांसल असते. लागवडीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते खणून, धुऊन व वरची साल खरवडून वाळवले जाते. चव तुरळक गोडसर, मग कडू व तिखट लागते.

इसवी सनाच्या पहिल्या दोन शतकांच्या सुमारास संकलित झालेल्या शेननोंग यांच्या नावावरील औषधिग्रंथात या मुळाची नोंद आहे. हान काळाच्या अखेरचा वैद्य झांग झोंगजिंग याने घशाच्या दुखण्यावर दिलेला काढा अगदी साधा आहे : एक भाग ज्येगंग, दोन भाग ज्येष्ठमध, तीन मापे पाणी एक माप उरेपर्यंत आटवायचे, गाळायचे आणि दोन वेळा कोमट घ्यायचे. ज्येष्ठमध मराठी घरांतही खोकल्यासाठी वापरला जातो, त्यामुळे या जोडीतील निम्मी ओळख आपल्याला जुनीच आहे. ली शिझेन याने १५७८ मध्ये पूर्ण केलेल्या बृहद् औषधिकोशात या नावाची फोड 'घट्ट मुळाची आणि सरळ देठाची वनस्पती' अशी केली आहे.

ज्येगंग एकटे क्वचितच दिले जाते. चिनी वैद्यांनी त्याला होडीची उपमा दिली. इतर औषधांना ते वर, म्हणजे फुफ्फुसांपर्यंत आणि घशापर्यंत वाहून नेते, अशी ही कल्पना आहे. त्यामुळे अनेक पाठांत त्याची मात्रा अल्प असली तरी स्थान महत्त्वाचे असते. जपानमध्ये घशासाठी विकल्या जाणाऱ्या काही पारंपरिक चूर्णांतही ते असते.

कोरियात मात्र हे मूळ औषधाइतकेच स्वयंपाकघरातले आहे. सोलून उभे चिरलेले मूळ मीठ लावून चोळतात आणि पाण्यात भिजवून कडवटपणा काढतात. मग परतून किंवा तिखट-आंबट मसाला लावून ते भाताबरोबर खातात. 'दोराजी' हे तेथील एका सुप्रसिद्ध लोकगीताचेही नाव आहे. जपानमध्ये किक्यो शरदातील सात फुलांपैकी एक मानले जाते. परंतु गवताळ राने कमी झाल्याने तेथे रानटी किक्यो आता धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या सरकारी यादीत गेली आहे.

मुळाच्या गुणाचे श्रेय मुख्यतः त्यातील सॅपोनिन या द्रव्यांना दिले जाते. रिठ्याचा फेस होतो तो अशाच द्रव्यांमुळे. पोटात गेल्यावर ती जठराच्या अस्तराला किंचित चेतवतात. त्याची प्रतिक्षिप्त क्रिया म्हणून श्वासनलिकांतील स्राव वाढतो, कफ पातळ होतो आणि सुटतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. प्लॅटिकोडिन-डी हे यांतील सर्वाधिक अभ्यासलेले सॅपोनिन होय. २०२१ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी ते करोना विषाणूला पेशीत शिरण्यापासून रोखते असे दाखवले. पण हा प्रयोग प्रयोगशाळेतील पेशींवरचा होता, रुग्णांवरचा नव्हे. काढ्यात अनेक औषधे एकत्र असल्याने एकट्या ज्येगंगचा माणसांवरील परिणाम वेगळा काढणेही कठीण जाते.

जे द्रव्य कफ सोडवते, तेच थेट रक्तात गेल्यास तांबड्या पेशी फोडते. म्हणून हे मूळ केवळ तोंडावाटे घेण्याचे औषध आहे. चिनी औषधिसंहितेत वाळलेल्या मुळाची काढ्यासाठीची मात्रा ३ ते १० ग्रॅम आहे. अधिक घेतल्यास मळमळ व उलटी होऊ शकते. परंपरेनेच आणखी एक मर्यादा घालून दिली आहे. दीर्घकाळचा कोरडा खोकला किंवा थुंकीतून रक्त पडत असल्यास ज्येगंग वर्ज्य मानले जाते. आजच्या भाषेत, दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला किंवा थुंकीतील रक्त ही क्षयरोगाची लक्षणे असू शकतात आणि तेथे कोणत्याही काढ्याआधी थुंकीची तपासणी व्हायला हवी. हे मूळ कुठे वापरू नये, हे जुन्या वैद्यांनी ते कुठे वापरावे याइतकेच जपून लिहून ठेवले आहे.