देवळातले शिल्प, दालनातले चित्र

कला कशास म्हणावे हा प्रश्न एरवी पंडितांच्या सभेतला. मुंबईत १९५४ साली तो पोलिसांच्या हाती गेला. पॅरिसहून परतलेल्या अकबर पदमसी या तरुण चित्रकाराने जहांगीर कलादालनात आपली चित्रे मांडली होती. ‘लव्हर्स’ या नावाच्या दोन चित्रांत विवस्त्र स्त्रीपुरुष होते, पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर होता. पोलिसांनी ती उतरवण्यास सांगितले. चित्रकाराने नकार दिला. अटक झाली व अश्लीलतेचा खटला उभा राहिला.

कामगारांच्या सभा भरवणाऱ्या आम्हांस या भानगडीचे काय, असे कोणी विचारील. कलेचा निवाडा कोणी करावा, हा प्रश्न आमचाही आहे.

राजा रविवर्म्याच्या छापील तसबिरींनी घरोघरच्या डोळ्यांना एक सवय लावली होती: चित्र हुबेहूब असावे आणि त्यात पुराणातली कथा असावी. पदमसीच्या चित्रांत दोन्ही नव्हते. देवाचे नाव असते तर तीच नग्नता खपली असती. तेव्हाच्या दंडसंहितेच्या २९२ व्या कलमातही देवळावर कोरलेल्या आकृतींना सूट होती! आपल्याच जिल्ह्यातील तेर पाहा. तेथे लज्जागौरीच्या मातीच्या नग्न मूर्ती सापडल्या. एके काळी त्यांची पूजा झाली. आज त्यांस आपण प्राचीन कला म्हणतो. आकृती तीच, जागा बदलली की नाव बदलते.

हेच कोडे मार्सेल द्यूशाँने १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये घातले होते. दुकानातून आणलेले चिनीमातीचे मूत्रपात्र, त्यावर खोटी सही करून, त्याने प्रदर्शनास धाडले. शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाची कृती मांडण्याचा नियम असूनही ते मांडले गेले नाही. ज्या कारागिरांनी ते घडवले, त्यांचे नाव मात्र कोणीच विचारले नाही, हे आम्हांस विसरता येत नाही.

पदमसी निर्दोष सुटला. सरकार उच्च न्यायालयात गेले, तेथेही हरले. न्यायालयाने चित्र मांडण्याचा हक्क राखला. ते चांगले की वाईट हे ठरवणे पाहणाऱ्यांवर राहिले. परंतु जहांगीर दालनास तिकीट नसूनही गिरणीतल्या माणसास ते दार आपले वाटत नाही, आणि धाराशिवहून तर ते फारच दूर. व्याख्याने येथवर येतात, तशी चित्रेही यावीत. नावडले म्हणण्याचा अधिकारही पाहिल्यावाचून मिळत नाही.