घोट्याचे ऑपरेशन झाले, तरी दुखणे का थांबत नाही?

"डॉक्टर, दुर्बिणीचे ऑपरेशन झाले, पण बांधीत उतरलो की घोटा दुखतोच." कुरखेड्यात रोवणीच्या दिवसांत ही तक्रार हमखास येते. उत्तरासाठी थोडे मागे जाऊ.

1743 मध्ये लंडनच्या विल्यम हंटर यांनी लिहिले, की सांध्यातली कूर्चा एकदा नष्ट झाली की भरून येत नाही. कारण तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. 1959 मध्ये बर्न्ट आणि हार्टी यांनी दाखवले, की घोट्यातल्या टेलस हाडावरच्या अशा जखमा पाय मुरगळल्यानेही होतात. त्याच वर्षी प्रिडी यांनी गुडघ्यात हाडाला छिद्रे पाडून मज्जेतले रक्त वर आणण्याची पद्धत मांडली. पुढे स्टेडमन यांनी तिला 'मायक्रोफ्रॅक्चर'चे रूप दिले.

घोट्यात दुर्बीण घालणे मात्र सोपे नव्हते. 1931 मध्ये न्यूयॉर्कच्या बर्मन यांनी हा सांधा दुर्बिणीसाठी फार अरुंद ठरवला होता. बारीक दुर्बिणी आल्या, तेव्हा वाट मोकळी झाली.

मेख इथेच आहे. छिद्रांतून भरून येते ती मूळ कूर्चा नव्हे, तर तंतुमय कूर्चा. ती लवकर झिजते. लहान जखमेला ती पुरते, मोठ्या किंवा हाडात पोकळी झालेल्या जखमेला बऱ्याचदा पुरत नाही.

म्हणून 1990च्या दशकात नवे उपाय आले. हंगेरीच्या हँगोडी यांनी गुडघ्यातून हाड-कूर्चेचे छोटे दंडगोल काढून जखमेत बसवले. स्वीडनमध्ये ब्रिटबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये, रुग्णाच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यात रोपण केल्याचे प्रसिद्ध केले. दोन्ही पद्धती पुढे घोट्यातही वापरल्या गेल्या. पहिल्या पद्धतीत चांगल्या गुडघ्याला दुखणे लागू शकते. दुसरी महाग असते आणि तिला बहुधा दोन टप्पे लागतात. सगळा सांधाच झिजला असेल, तर सांधा जोडून टाकणे किंवा कृत्रिम सांधा बसवणे उरते.

दुसऱ्या ऑपरेशनआधी नागपूरला जाल, तेव्हा तीन गोष्टी विचारा. दुखणे खरेच कूर्चेचे आहे, की अस्थिबंध सैल आहे किंवा टाच वाकडी आहे? जखम किती मोठी, आणि सीटी स्कॅनमध्ये हाडात पोकळी दिसते का? ऑपरेशननंतर किती आठवडे पाय टेकायचा नाही?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावरच तारीख ठरवा. रोवणीच्या तोंडावर ऑपरेशन करून पंधरा दिवसांत चिखलात उतरलात, तर चांगले ऑपरेशनही वाया जाऊ शकते. जुने कागद आणि एमआरआय सोबत न्यायला विसरू नका.