घडीची व्हीलचेअर: घेण्याआधी काय मोजावे, घेतल्यावर कशी वापरावी

घरात व्हीलचेअर लागणार हे बहुतेक कुटुंबांना दवाखान्यातून सुट्टी मिळण्याच्या दिवशीच कळते. बिल भरायचे, औषधे घ्यायची, गाडी ठरवायची, या गडबडीत एखादा भाचा किंवा पुतण्या समोरच्या सर्जिकलच्या दुकानात जातो आणि पहिली दाखवलेली खुर्ची घेऊन येतो. आमच्याकडेही असेच झाले. अम्मींना लकवा झाला, डावी बाजू गेली. खुर्ची घराच्या मोठ्या दारातून आत आली, पण न्हाणीच्या दारात अडकली. खुर्ची २६ इंच, दार २४ इंच. पुढचे तीन आठवडे आम्ही दोघे-तिघे मिळून अम्मींना उचलून नेत होतो. सारखे कुणाला उठवायला नको म्हणून त्यांनी पाणी पिणेच कमी केले. लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला, तेव्हा हे आमच्या लक्षात आले. दुकानदाराने वापरलेला माल परत घेतला नाही.

म्हणून सांगतो, खुर्ची बघायच्या आधी घर मोजा. टेप घ्या आणि न्हाणी, संडास, झोपायची खोली, सगळ्या दारांची आतली मोकळी रुंदी लिहून काढा. दार पूर्ण उघडून, कडी-कोयंडा आणि दाराची जाडी वगळून जी जागा उरते ती. दुकानात ‘१८ इंची’ म्हणतात तो बसायच्या जागेचा आकडा असतो. बाहेरची मोठी चाके आणि हाताने फिरवायच्या कड्या धरल्या की खुर्ची त्याहून साधारण ८ इंच रुंद भरते. म्हणजे १८ इंची खुर्ची २६ इंचांची, १६ इंची खुर्ची २४ इंचांची. दाराला दोन्ही बाजूंनी थोडी जागा हवी, नाहीतर बोटांची सालपटे निघतात. दुकानदाराला ‘बाहेर-बाहेर किती?’ असे विचारा आणि त्याच्यासमोर टेप लावा.

मग माणूस मोजा. सपाट खुर्चीवर बसवून कमरेखालचा सगळ्यात रुंद भाग मोजायचा आणि त्यात दोन इंच मिळवायचे. खुर्चीत बसल्यावर दोन्ही बाजूंना आपला उभा तळहात जेमतेम सरकला की माप बरोबर. ‘थोडी ऐसपैस घेऊ या’ ही आपल्याकडची सवय इथे उपयोगाची नाही. रुंद खुर्चीत माणूस एका बाजूला कलतो, पाठ वाकते, चाकापर्यंत हात पोचत नाहीत. आमच्या शाळेत एक मुलगा मोठ्या माणसाच्या खुर्चीत बसून यायचा. कुणीतरी सवाबाच्या नियतीने दिलेली होती. तो दिवसभर उजव्या हातावर रेलून बसायचा, त्याच हाताने लिहायचे असल्याने त्याचे लिहिणे नेहमी अर्धे राहायचे. आम्हा मास्तर लोकांना ते आळशीपणासारखे वाटले, हे कबूल करायला हवे. मुलांना मुलांच्या मापाची खुर्ची लागते आणि वाढत्या वयात ती बदलावीही लागते. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी समग्र शिक्षा अभियानातून मोजमापाची शिबिरे होतात, मुख्याध्यापकांना विचारावे.

बैठकीची खोली, म्हणजे पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतचे माप, असे हवे की गुडघ्यामागे दोन-तीन बोटे जागा सुटेल. कड गुडघ्यामागे रुतली तर पायाला मुंग्या येतात आणि माणूस पुढे घसरत राहतो. पाय पायटावर टेकले की मांड्या बैठकीवर सपाट राहाव्यात. पायटा फार वर असेल तर सगळा भार माकडहाडावर येतो, फार खाली असेल तर उंबऱ्याला आपटतो. जमिनीपासून निदान दोन इंच तरी वर हवा.

आता प्रकार. मागे २४ इंची मोठी चाके आणि बाहेरून कडी असलेली खुर्ची बसणाऱ्याला स्वतः चालवता येते. चारही चाके लहान असलेली खुर्ची दुसऱ्यानेच ढकलायची असते. ती हलकी आणि अरुंद असते, अरुंद दारातून जाते, रिक्षात मावते, पण खडबडीत रस्त्यावर अडते आणि बसणाऱ्याला पूर्ण परावलंबी करते. हाताला थोडीही ताकद असेल तर मोठ्या चाकांचीच घ्यावी असे आमचे मत आहे. अम्मी एका हाताने आणि उजव्या पायाने जमीन रेटत खिडकीपर्यंत जाऊ लागल्या, तेव्हा घरातल्या वातावरणात जो फरक पडला तो औषधाने पडला नव्हता. एका पायाने चालवायची तर बैठक थोडी कमी उंचीची लागते, टाच जमिनीला पुरली पाहिजे.

ही इंग्रजी एक्ससारखी घडी होणारी चौकट मूळची अमेरिकेतली. खाणीतल्या अपघातात अपंगत्व आलेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे इंजिनिअर मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३ मध्ये ती बनवली. मोटारीत मावणारी खुर्ची एव्हरेस्ट यांना हवी होती. आजही बाजारातल्या बहुतेक घडीच्या खुर्च्या त्याच रचनेच्या आहेत.

लोखंडी (स्टीलची) खुर्ची साधारण १६ ते २० किलो भरते, अ‍ॅल्युमिनियमची १० ते १४ किलो. पाच-सहा किलोंचा फरक कागदावर काही वाटत नाही. पण रोज दुसऱ्या मजल्यावरून ती खाली आणणारी सून किंवा साठीतला नवरा असेल तर तोच फरक ठरवतो की पेशंट बाहेर पडणार की नाही. खुर्ची घरातच राहणार असेल तर स्टीलची पुरते आणि पैसे वाचतात. साध्या खुर्च्या किती वजन पेलतात तेही विचारा, बऱ्याच १०० किलोपर्यंतच्याच असतात.

पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील अशा दोन सोयी आहेत: निघणारे किंवा मागे वळणारे हात, आणि बाजूला वळणारे पायटे. पलंगावरून खुर्चीत सरकताना मधला हात काढता आला तर उचलावे लागत नाही. हवेचे टायर खडीच्या रस्त्यावर हादरे कमी देतात, सायकलच्या दुकानात पंक्चरही निघते, पण हवा बघत राहावी लागते. भरीव टायरला देखभाल नाही, हादरे मात्र सगळे कमरेला बसतात. पुढची लहान चाके निदान सहा इंची असावीत, आठ इंची असतील तर आपल्याकडच्या फरशीच्या सांध्यांत आणि गटाराच्या जाळ्यांत कमी अडकतात.

तारांच्या चाकांबद्दल बायकांसाठी वेगळे सांगायला हवे. ओढणी, बुरख्याचा घेर, साडीचा पदर तारांत गेला की मान ओढली जाते, खुर्ची जागीच थांबते आणि मागचा माणूस ढकलतच राहतो. प्लास्टिकच्या जाड आऱ्यांची चाके त्या मानाने बरी. नाहीतर चाकाला आतून कापडी किंवा प्लास्टिकचे झाकण बांधून घ्यावे. निघायच्या आधी कपडा मांडीखाली खोचायचा, ही सवय दोघांनाही लागली पाहिजे.

उघडताना बहुतेकांची बोटे चेंगरतात. खुर्ची किंचित आपल्याकडे कलती करा, बैठकीच्या दोन्ही कडेच्या नळ्यांवर तळहात ठेवून खाली दाबा. बोटे आतल्या बाजूला वळलेली, नळीभोवती गुंडाळलेली नाहीत. दोन्ही नळ्या खाचेत नीट बसल्या का पाहा. मिटताना गादी काढा, पायटे वर करा आणि बैठकीचे कापड मधोमध पुढून-मागून धरून वर ओढा.

पलंगावरून खुर्चीत येणे हा रोजचा सगळ्यात धोक्याचा क्षण. खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, पलंगाला तिरकी आणि अगदी चिकटून लावा. दोन्ही ब्रेक लावा, हलवून खात्री करा. पायटे वर किंवा बाजूला. पेशंटने पलंगाच्या कडेवर सरकून पाय जमिनीला टेकवायचे आणि पुढे वाकून उठायचे, सरळ वर नाही. आपण कमरेला धरायचे, जाड पट्टा बांधला तर उत्तम. बगलेत हात घालून उचलू नका आणि लकव्याचा हात कधीच ओढू नका. त्या बाजूचे स्नायू सैल असतात, खांदा निखळतो आणि ते दुखणे महिनोन्महिने राहते. आम्ही पहिल्या आठवड्यात हेच करत होतो, फिजिओथेरपिस्टने पाहिले तेव्हा थांबवले. पायट्यावर उभे राहून उठू देऊ नका, खुर्ची पुढे उलटते. कमजोर हात मांडीवर उशीवर ठेवा, लोंबकळत राहिला की चाकात जातो.

रस्त्यावर: पायरी चढताना मागच्या खालच्या नळीवर पाय दाबून पुढची चाके वर करा, पायरीवर ठेवा, मग मागची चाके टेकून वर घ्या. उतरताना उलटे वळा, मोठी चाके आधी खाली. तीव्र उतारावरही तसेच, पेशंटची पाठ उताराकडे आणि आपण खाली. जिन्यावरून न्यायचेच असेल तर एक जण मागे मुठींना, एक जण पुढे पक्क्या चौकटीला धरून. निघणारा हात किंवा पायटा धरला तर तो हातात येतो आणि खुर्ची खाली जाते. लग्नात चार पोरे प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नेतात तेही करू नये, तिचे हात तुटतात.

घरच्या उतारासाठी हिशेब सोपा आहे: एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंची उंबरठ्याला सहा फूट, दीड फुटाच्या ओट्याला अठरा फूट. दोन फुटी फळी टाकून भागवतात, तिथेच मागे उलटण्याचे प्रकार होतात.

सगळ्यात जास्त काळजी बसण्याची घ्यायची. नुसत्या कापडावर तासन्‌तास बसवू नका, तीन-चार इंची चांगल्या फोमची गादी हवी. मधे भोक असलेली रबरी रिंग वापरू नका, तिच्या कडेने रक्त अडते. हाताने जोर देता येत असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी बूड उचलायचे, नसेल तर आपण पुढे आणि कडेला झुकवून भार बदलायचा. रोज रात्री माकडहाड, कुल्ले, टाचा उजेडात पाहा. लाल डाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल तर त्या जागेवर भार बंद आणि लगेच डॉक्टर. मधुमेह असेल तर एक दिवसही थांबू नये. लाज वाटते म्हणून अम्मींनी आठवडाभर कुणाला पाहू दिले नव्हते, शेवटी धाकट्या खालांनी रागावून पाहिले. घरात हे काम कुणी करायचे ते पहिल्याच दिवशी ठरवा.

ही खुर्ची अंघोळीसाठी नाही. पाण्याने सांधे गंजतात, कापड कुजते. त्यासाठी वेगळी कमोड खुर्ची घ्या, आमच्या अरुंद दाराचा प्रश्नही शेवटी लहान चाकांच्या कमोड खुर्चीनेच सुटला. वुजूसाठी खुर्चीतच मांडीवर टॉवेल, हाताशी तांब्या आणि खाली टोपले पुरते. मशिदीत नेताना दारात ओल्या फडक्याने चाके पुसा. सफमध्ये खुर्ची कुठे लावायची ते इमामसाहेबांना आधी विचारून ठेवा, म्हणजे जमात उभी राहिल्यावर धावपळ होत नाही. उमराहला जाणाऱ्यांनी विमान कंपनीला ४८ तास आधी कळवावे. हाताने चालणारी घडीची खुर्ची मोफत नेता येते, तिच्यावर नाव-फोनची पट्टी बांधा आणि सुटे भाग हातातल्या पिशवीत ठेवा. सफा-मरवाच्या मधे खुर्च्यांसाठी वेगळा मार्ग आहे.

पैशांची अडचण असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असणाऱ्यांना खुर्ची मिळते. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. या खुर्च्या बहुधा कानपूरच्या अ‍ॅलिम्को या सरकारी कंपनीच्या असतात. साठीपुढच्या गरीब ज्येष्ठांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. महाराष्ट्रात ६५ वर्षांवरील आणि दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठी २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू झाली, तिच्यात साधनांसाठी एकदा ३,००० रुपये खात्यावर जमा होतात. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी आणि दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्ड आधी काढून ठेवावे. दुखणे दोन-तीन महिन्यांचेच असेल तर विकत घेऊच नका, अनामत ठेवून खुर्ची वापरायला देणारे ट्रस्ट अनेक शहरांत आहेत.

देखभाल थोडीच. पुढच्या लहान चाकांच्या दांड्यात केस आणि दोरे गुंततात, ते महिन्यातून एकदा कात्रीने काढा. ब्रेक सैल झाले का, नट हलतात का पाहा. हवेच्या टायरची हवा कमी झाली की ब्रेकही धरत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. बैठकीचे कापड मधोमध झोळीसारखे लोंबले की बदलून घ्या.

आमची ती २६ इंची खुर्ची आता मोहल्ल्यातल्या दुसऱ्या एका घरात आहे. द्यायच्या आधी त्यांच्या न्हाणीच्या दाराला टेप लावला, २९ इंच भरले.