बोटापासून प्रतिमेपर्यंत

रोग नेमका कोठे आहे हे ठाऊक नसताना सुई कोठे टोचावी? प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान कसे होत आले याचा इतिहास म्हणजे बहुतांशी या एका प्रश्नाचा इतिहास होय, असे आम्हांस वाटते.

मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ही ग्रंथी पूर्वी डॉक्टर गुदमार्गातून बोटाने चाचपीत. टणक गाठ लागली तर तिच्यात सुई घालून तुकडा काढीत आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. पद्धत ओबडधोबड खरी; पण जे हाताला लागले त्यावरच सुई जात होती. जे हाताला लागत नव्हते ते मात्र सुटत होते.

१९६० नंतरच्या दशकात जपानमध्ये हिरोकी वातानाबे यांनी ध्वनिलहरींनी ही ग्रंथी पाहण्याचा मार्ग काढला. त्यांचे यंत्र खुर्चीच्या बैठकीत बसविलेले असे व रोगी त्या खुर्चीवर बसे! पुढे १९८९ मध्ये स्टॅनफर्ड येथील हॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिचित्र पाहत ग्रंथीच्या दोन्ही बाजूंस तीन तीन, असे सहा ठरावीक ठिकाणचे तुकडे घेण्याची रीत सांगितली. ती जगभर रूढ झाली. सहांचे दहा-बारा झाले. पण येथे एक गोम आहे. ध्वनिचित्रात ग्रंथी स्पष्ट दिसे, रोग पुष्कळदा दिसत नसे. म्हणजे सुईला वाट सापडली होती, मुक्काम नव्हे. ही आंधळी कोशिंबीरच होती, फक्त खेळाचे अंगण आखून दिलेले.

या रीतीची खरी परीक्षा २०१७ साली झाली. ब्रिटनमधील ‘प्रॉमिस’ या अभ्यासात ५७६ पुरुषांची चुंबकीय प्रतिमा, म्हणजे एमआरआय, काढण्यात आली. नेहमीची बायॉप्सी झाली. आणि खरेखोटे ठरविण्यासाठी भूल देऊन सगळ्या ग्रंथीतून दर पाच मिलिमीटरवर नमुने घेण्यात आले. धोकादायक रोगांपैकी एमआरआयने ९३ टक्के ओळखले. नेहमीच्या बायॉप्सीने अवघे ४८ टक्के. श्रोतेहो, ‘काही नाही, निर्धास्त राहा’ असे ऐकून घरी गेलेल्यांचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. एमआरआयचा दोष उलट होता: रोग धोकादायक नसतानाही ती वारंवार संशय घेई.

दुसऱ्याच वर्षी ‘प्रिसिजन’ अभ्यासात ५०० पुरुषांचे दोन गट पाडण्यात आले. आधी एमआरआय काढून संशयित जागीच सुई घातलेल्या गटात ३८ टक्क्यांना महत्त्वाचा कर्करोग सापडला, जुन्या रीतीत २६ टक्क्यांना. निरुपद्रवी रोग मात्र ९ टक्के विरुद्ध २२ टक्के. हा दुसरा आकडा आम्हांस तितकाच मोलाचा वाटतो. ज्या रोगाने कधी त्रास दिला नसता त्याच्या धास्तीने कितीकांनी शस्त्रक्रिया करून घेतल्या असतील!

मग संशयित जागी सुई न्यावी कशी? एमआरआय डोळ्यांपुढे ठेवून अदमासाने, संगणकाने ती ध्वनिचित्रावर बसवून, की रोग्याला एमआरआयच्या यंत्रातच निजवून? नेदरलँड्समध्ये २०१९ साली २३४ जणांवर या तिन्ही रीती ताडून पाहिल्या. महत्त्वाचा रोग तिन्हींत सुमारे तेहतीस-चौतीस टक्क्यांना सापडला. एवढ्या थोड्या लोकांवरून तिन्ही सारख्याच म्हणणे धाडसाचे होईल. पण महागड्या यंत्राचा डंका पिटणाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

जुनी रीत मोडीत निघाली असे मात्र नाही. २०२० मध्ये अमेरिकेत २१०३ पुरुषांवर दोन्ही प्रकारची बायॉप्सी एकाच वेळी झाली, तेव्हा केवळ एमआरआयने दाखविलेल्या जागांवर विसंबले असते तर जहाल रोगांपैकी ८.८ टक्क्यांची तीव्रता कमी लेखली गेली असती, असे आढळले. त्या आंधळ्या सुयांनीच ती उघडकीस आणली.